एका तालुक्याची दोन पोटे

आषाढ लागला की मुळशी तालुक्याचे रूप पालटते. ताम्हिणीच्या घाटात ढग रस्त्यावर उतरतात, भाताची खाचरे तुडुंब भरतात आणि धबधबे पाहण्यासाठी निघालेल्या पुणेकरांच्या मोटारींची पौडच्या रस्त्यावर रांग लागते. याच दिवसांत तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या दारातही एक रांग उभी राहते. ती जुलाब, उलट्या, पोटातील मुरडा आणि ताप घेऊन आलेल्यांची असते. डोंगरउतारावरचा पाऊस वाडीवस्तीची घाण सोबत घेऊन उघड्या विहिरीत आणि झऱ्यात उतरतो व तेच पाणी हंड्यातून घरात येते. त्याच तालुक्याच्या उत्तरेला हिंजवडी आणि माण आहे. तेथील काचेच्या इमारतींत शुद्ध पाण्याची यंत्रे आहेत, वातानुकूलित उपाहारगृहे आहेत. तरीही संगणकापुढे बसलेल्या तरुणाच्या खणात आम्लपित्तावरील गोळ्यांची पट्टी हमखास सापडते. एकाचे पोट पाण्याने बिघडते, दुसऱ्याचे दिनचर्येने. तालुका एक, पण पोटे दोन. आणि दोघांचीही उपेक्षा सारखीच.

पोटाचे दुखणे हा आपल्या समाजात गंभीर विषय मानला जात नाही. ओवा चावला, सोडा घेतला, शेजाऱ्याने सुचवलेली गोळी गिळली की बहुतेक वेळा भागते. मात्र ज्या वेळी तेवढ्यावर भागणार नसते, ती वेळ ओळखण्याचे शिक्षण शाळेत मिळत नाही आणि घरातही मिळत नाही. पोटाच्या विकारांत माणूस दगावतो तो पुष्कळदा औषध नसल्यामुळे नव्हे, तर ती वेळ ओळखू न आल्यामुळे. म्हणूनच हा विषय केवळ डॉक्टरांवर सोपवून मोकळे होण्यासारखा नाही. तो कुटुंबाचा आणि समाजात काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याचा विषय आहे.

अभिमान हवा, पण पथ्यासह

भारतीय वैद्यकाने पोटाचा सारा विचार ‘अग्नी’ या एका कल्पनेभोवती गुंफला. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ग्रहणीरोगावर स्वतंत्र अध्याय आहे. काश्यपसंहितेत आणि माधवनिदानात अम्लपित्ताचे स्वतंत्र वर्णन येते. वाग्भटाने जठराचे चार भाग कल्पून दोन भाग अन्नाने, एक द्रवाने भरावा आणि एक वायूसाठी मोकळा ठेवावा, असा दंडक घालून दिला. आधीचे अन्न पचण्यापूर्वी पुन्हा खाऊ नये, वर्षाऋतूत अग्नी मंद असतो म्हणून आहार हलका व पाणी उकळलेले असावे, हा उपदेश आजच्या कोणत्याही आहारतज्ज्ञाला मान्य व्हावा असाच आहे. चातुर्मासातील एकभुक्त राहण्याच्या व्रतामागेही हाच विवेक दिसतो.

परंतु परंपरेचा अभिमान बाळगणे आणि परंपरा आचरणे यांत मोठे अंतर पडले आहे. आयुर्वेदाची थोरवी सांगणाऱ्या घरातच रात्री साडेदहाला जेवण होते आणि अकराला अंथरुणावर अंग टाकले जाते. उपवासाच्या नावाखाली साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी आणि तळलेले वेफर्स यांनी पोट एरवीपेक्षा अधिक भरले जाते. चूर्णाची बाटली फडताळात ठेवणे म्हणजे आयुर्वेद नव्हे. पथ्य हा त्याचा प्राण आहे. आणि पथ्य विकत मिळत नाही, ते पाळावे लागते.

दुसरीही एक चूक होते. ‘आपले औषध’ म्हणजे निर्धोक, असे मानून भस्मे आणि रसकल्प मनाने घेतले जातात. ही औषधे जाणत्या वैद्यानेच प्रकृती पाहून द्यायची असतात. आणि ज्या परंपरेतील सुश्रुताने आतडे अडले किंवा छिद्र पडले असता उदर उघडून शस्त्रकर्म करण्याची पद्धत सांगितली, त्या परंपरेचा वारसा सांगणाऱ्याने शस्त्रक्रियेची गरज असलेल्या रोग्याला काढे पाजत घरी ठेवणे, हा त्या वारशाचा गौरव खचितच नाही. खरा वैद्य आपली मर्यादा जाणतो आणि रोग्याला योग्य ठिकाणी धाडतो.

जळजळ, व्रण आणि एक धाडसी डॉक्टर

हिंजवडीच्या खणातील त्या गोळ्यांकडे आता वळता येईल. अन्ननलिका जेथे जठराला मिळते तेथे स्नायूंचे एक कडे असते. ते दारासारखे उघडते व मिटते. ते सैल पडले की जठरातील आम्ल वर चढते. छातीच्या मध्यभागी जळजळ, घशाशी आंबट पाणी, रात्री आडवे झाल्यावर वाढणारा त्रास, काहींना कोरडा खोकला, ही त्याची लक्षणे. वाढते वजन, तंबाखू, मद्य, उशिराचे जड जेवण, पोट आवळणारा पट्टा ही त्याची प्रमुख कारणे. अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे चालणाऱ्या रात्रपाळीत जेवणाची वेळच उरत नाही. मध्यरात्री पिझ्झा, पहाटे कॉफी आणि सकाळी झोप, हा क्रम निसर्गाशी मांडलेला दावाच आहे.

यावरचा पहिला उपाय दुकानात नाही. रात्रीचे जेवण आणि झोप यांत किमान दोन ते तीन तासांचे अंतर, पोटाचा घेर कमी करणे, तंबाखू सोडणे, पलंगाची डोक्याकडील बाजू अर्धा फूट उंच करणे आणि डाव्या कुशीवर झोपणे, एवढ्याने अनेकांचा त्रास निम्म्यावर येतो. आम्ल कमी करणाऱ्या पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल यांसारख्या गोळ्या परिणामकारक आहेत. परंतु त्या जेवणापूर्वी अर्धा तास आणि ठराविक काळापुरत्याच घ्यायच्या असतात. काही रुग्णांना त्या दीर्घकाळ घ्याव्या लागतात, हे खरे. पण तो निर्णय डॉक्टरांचा असतो. वर्षानुवर्षे चहासारखी रोज एक गोळी मनानेच घेत राहणे म्हणजे धुराची सूचना देणारी घंटा काढून टाकण्यासारखे आहे. आग तशीच राहते.

जळजळीच्या आड कधी व्रण म्हणजे अल्सर दडलेला असतो. जठराच्या किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या अस्तराला पडलेली ती जखम. वरच्या पोटात, बेंबीच्या वर, जळल्यासारखे किंवा कुरतडल्यासारखे दुखते. आतड्यातील व्रण असेल तर उपाशीपोटी आणि मध्यरात्री दुखणे वाढते व खाल्ल्यावर तात्पुरते थांबते. चिंता आणि तिखट यांमुळेच अल्सर होतो, असे जगभरचे डॉक्टर अनेक दशके मानत होते. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी रुग्णांच्या जठरात ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हा जीवाणू दाखवून दिला. वैद्यकविश्वाने विश्वास ठेवला नाही, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जीवाणूंचे मिश्रण स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. या संशोधनाला २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या दुखण्यासाठी पूर्वी पोटे फाडली जात, ते दोन प्रतिजैविके आणि आम्लरोधक यांच्या दहा ते चौदा दिवसांच्या उपचाराने बरे होऊ लागले. मात्र हा औषधक्रम मध्येच सोडला तर जीवाणू अधिक चिवट होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९९४ मध्ये या जीवाणूला जठराच्या कर्करोगाचे निश्चित कारण म्हणून नोंदवले, हेही विसरता येत नाही.

व्रणाचे दुसरे मोठे कारण आपल्या घराघरात आहे. ते म्हणजे वेदनाशामक गोळी. भाताच्या लावणीत दिवसभर वाकून कंबर मोडलेली शेतकरीण, पिरंगुटच्या कारखान्यात उभ्याने पाळी करणारा कामगार आणि गुडघेदुखीने बेजार झालेले शहरातील आजोबा, हे तिघेही डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी रिकाम्या पोटी घेतात. कंबर थांबते आणि जठर सोलले जाते. कित्येकांना त्याची वेदनाही जाणवत नाही. पहिले लक्षण म्हणून थेट रक्तस्रावच होतो. डांबरासारखी काळी, चिकट शौच किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी म्हणजे पोटात रक्त वाहते आहे. अशा वेळी उद्याची वाट पाहायची नसते. एकाएकी असह्य वेदना होऊन पोट लाकडासारखे कडक झाले, तर व्रण फुटलेला असू शकतो. तेथे तासातासाला महत्त्व असते.

‘गॅस’ नावाची पळवाट

मराठी घरांत पोटाच्या बहुतेक तक्रारींना एकच नाव आहे – गॅस. या एका शब्दाने जितके बळी घेतले असतील, तितके कदाचित एखाद्या साथीनेही घेतले नसतील. पन्नाशीच्या गृहस्थाला पहाटे वरच्या पोटात दाबल्यासारखे होते, घाम फुटतो, मळमळते. घरातील मंडळी हिंग लावतात, सोड्याचे पाणी देतात, पाठ चोळतात. दोन तासांनी रुग्णालय गाठले जाते, तेव्हा हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग निकामी झालेला असतो. हृदयविकाराचा झटका, विशेषतः हृदयाच्या खालच्या भागाचा, पोटदुखीच्या वेषात येतो. मधुमेही व्यक्तींत आणि स्त्रियांत तर तो पुष्कळदा छातीत दुखल्याशिवायच येतो. घाम, दम, जबडा किंवा हात भरून येणे, आजवर कधी झाली नव्हती अशी अस्वस्थता, यांतील काहीही सोबत असेल तर प्रथम ईसीजी आणि मग गॅसचा विचार, हा नियम प्रत्येक घरात पाठ असला पाहिजे.

तीच गोष्ट पित्ताशयातील खड्यांची. जड, तेलकट जेवणानंतर पोटाच्या वरच्या उजव्या बाजूला कळ येते व ती उजव्या खांद्याकडे किंवा पाठीकडे जाते. तिला ‘पित्त झाले’ म्हणून वर्षे काढली जातात. तीच गोष्ट आंत्रपुच्छाच्या म्हणजे अपेंडिक्सच्या दाहाची. बेंबीभोवती सुरू झालेले दुखणे काही तासांत उजवीकडे खाली सरकते, भूक मरते, अंगात कणकण येते. अशा पोटावर तेल चोळणे, शेक देणे किंवा एरंडेल पाजणे धोक्याचे आहे. आंत्रपुच्छ फुटले तर पू पोटभर पसरतो.

याउलट काही दुखण्यांत सर्व तपासण्या निर्दोष येतात आणि त्रास मात्र खरा असतो. पोट फुगते, मुरडा येतो, शौचानंतर बरे वाटते, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ. परीक्षा, बढतीची मुलाखत, घरातील तणाव यांनी ते उसळते. वैद्यक त्याला क्षोभी आतड्याचा विकार म्हणते. आतडे आणि मेंदू यांच्यामध्ये मज्जातंतूंचा अखंड संवाद चालू असतो व त्या संवादात बिघाड होतो. ‘मनाचे खेळ आहेत’ असे म्हणून अशा रुग्णाची चेष्टा करणे अन्यायाचे आहे. नियमित जेवण, पुरेशी झोप, चालणे, योगासने व प्राणायाम यांचा येथे खरोखर उपयोग होतो. मात्र शौचावाटे रक्त, झोपेतून उठवणारे दुखणे, विनाकारण घटणारे वजन, गिळताना अडकणे, पंडुरोग किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास असेल, तर दुर्बिणीची तपासणी लांबणीवर टाकू नये. कर्करोग लवकर सापडला तर बरा करता येतो. लाजेने लपवलेला कर्करोग कुणाची गय करत नाही.

पाण्याची वाट

आता पुन्हा ताम्हिणीच्या पायथ्याकडे. कातकरी आणि धनगर वाड्यांत पोटाचे दुखणे बहुधा दिनचर्येतून येत नाही. ते पाण्यातून, हातांतून आणि उघड्यावरील शौचातून येते. जुलाब, अतिसार, आमांश, विषमज्वर, कावीळ आणि जंत, ही सारी एकाच वाटेने चालत येणारी भावंडे. कातकरी समाजाची गणना शासनाने विशेष दुर्बल वनवासी जमातींत केलेली आहे. वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या या बांधवांच्या लेकरांना कुपोषण आधीच पोखरत असते. अशा लेकराला तीन दिवसांचा जुलाब म्हणजे मृत्यूचे बोलावणे ठरू शकते.

आणि त्यावरचा उपाय? तो काही रुपयांचा आहे आणि तो भारतीय भूमीवर सिद्ध झालेला आहे. १९७१ साली पाकिस्तानी सैन्याच्या अत्याचारांतून जीव वाचवून लक्षावधी निर्वासित पूर्व पाकिस्तानातून बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकी उसळली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनवीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते पिंपातून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. तीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. पटकीच्या जुलाबातही आतड्यातून साखरेच्या सोबतीने मीठ आणि त्यामागोमाग पाणी शोषले जाते, या साध्या तत्त्वावर ते उभे होते. त्याही आधी, १९५९ साली, कोलकात्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी पटकीचा जीवाणू विष सोडतो, हे प्रयोगाने दाखवले होते. डॉ. डे हयात असताना स्वदेशात त्यांची फारशी दखल घेतली गेली नाही. डॉ. महालनवीस यांना पद्मविभूषण जाहीर झाले ते २०२३ मध्ये, त्यांच्या निधनानंतर. आपल्या माणसांची किंमत आपल्याला उशिरा कळते, ही खंत येथेही आहेच.

जलसंजीवनीचे पाकीट मिळाले नाही, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे माप पुरेसे आहे. मीठ जास्त पडू देऊ नये. मूल उलटी करत असेल तर चमच्या-चमच्याने, पण थांबू नये. अंगावरचे दूध आणि पेज, मऊ भात चालू ठेवावा. जुलाबात उपाशी ठेवण्याची रूढी घातक आहे. आंबेमोहर पिकवणाऱ्या या तालुक्याला पेजेची महती वेगळी सांगायला नको. सोबत जस्ताच्या म्हणजे झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्याव्यात. त्याने जुलाब लवकर आटोक्यात येतो आणि पुन्हा होण्याची शक्यता घटते. बहुतेक साध्या जुलाबांत प्रतिजैविकांची गरज नसते. परंतु डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल मलूल पडले, शौचात रक्त दिसले किंवा पाणीही पोटात राहीना, तर तत्काळ रुग्णालय. लहान बाळांतील रोटाविषाणूच्या जुलाबावर आता स्वदेशी लस आहे. डॉ. महाराज किशन भान यांच्या प्रदीर्घ परिश्रमांतून साकारलेली ही लस २०१६ पासून शासकीय लसीकरणात येऊ लागली. पुण्याच्या सीरम संस्थेनेही तशी लस तयार केली. ती विनामूल्य मिळत असताना एकही बाळ वंचित राहणे ही शरमेची गोष्ट आहे.

कावीळ झाली की गळ्यात माळ बांधण्याची किंवा कानात औषध घालण्याची चाल अजून गेलेली नाही. दूषित पाण्यातून येणाऱ्या ‘ए’ आणि ‘ई’ प्रकारच्या कावीळी बहुधा विश्रांतीने आपोआप बऱ्या होतात व श्रेय माळेला मिळते. पण गर्भवती स्त्रीला अखेरच्या महिन्यांत झालेली ‘ई’ कावीळ जीवघेणी ठरू शकते. तिला माळ नव्हे, रुग्णालय हवे.

हा प्रश्न केवळ दूरच्या वाड्यांचा आहे, असे मानणाऱ्यांनी जानेवारी २०२५ आठवावा. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या परिसरात ‘गीयाँ-बारे’ या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले. संशयितांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. हातपाय लुळे पडलेले, कृत्रिम श्वासावर असलेले रुग्ण. त्यांतील अनेकांना काही दिवस आधी जुलाब झाले होते आणि काहींच्या शौचाच्या नमुन्यांत ‘कॅम्पायलोबॅक्टर’ हा पोटाचा जीवाणू सापडला. पोटातील शत्रूशी लढताना शरीराची संरक्षक सेना स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, असा तो विकार. नांदेड व किरकटवाडी ही गावे २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. त्याच यादीत मुळशीतील सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक होती. इमारती आधी येतात, माणसे मागोमाग येतात, आणि जलवाहिनी व सांडपाण्याची व्यवस्था सर्वांत शेवटी येते. वीस लाखांच्या मोटारीतून फिरणारे कुटुंब आणि झऱ्यावर हंडा भरणारी वनवासी भगिनी एका क्षणी एकाच रोगाच्या वाटेवर उभी राहतात, ती अशी.

मुळशीचे ऋण

मुळशीच्या संदर्भात पाण्याला एक वेगळी वेदना आहे. १९२१ साली रामनवमीच्या दिवशी येथील मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभला. सेनापती बापट त्याचे सेनानी झाले, विनायकराव भुस्कुटे यांनी त्यासाठी स्वतःला झोकून दिले. लढा हरला, भाताची सोन्यासारखी जमीन पाण्याखाली गेली. ते पाणी डोंगर ओलांडून भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरते. त्या विजेवर मुंबई उजळली. ज्या भूमीने इतके पाणी दिले, तिच्याच लेकरांना प्यायला निर्मळ पाणी मिळू नये, ही विसंगती शंभर वर्षांनंतरही मिटलेली नाही. धरणाच्या काठावरच्या वाड्यांत चैत्र-वैशाखात हंडे घेऊन चालणाऱ्या स्त्रिया दिसतात. २०१९ पासून चालू असलेल्या जलजीवन मिशनने नळ दारात आणण्याचा संकल्प केला आहे. पण नळ बसला म्हणजे पाणी आले असे नाही, आणि पाणी आले म्हणजे ते शुद्ध असे नाही. योजना शासनाची असते. तिच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणे समाजाचे काम असते.

कार्यकर्त्याचे पोट

आणि शेवटी प्रश्न कार्यकर्त्याचा. दहा घरी संपर्काला गेलेला कार्यकर्ता दहा कप चहा घेतो, कारण नाही म्हटले तर घर दुखावते. बैठक लांबते, जेवण अकराला होते, पहाटे पुन्हा शाखा किंवा प्रवास. डोके दुखले तर रिकाम्या पोटी गोळी. ‘कामापुढे देहाची पर्वा नाही’ हे वाक्य कौतुकाने उच्चारले जाते. त्यागाची ही ओढ वंदनीय आहे, यात शंका नाही. परंतु संघाची स्थापना करणारे डॉ. हेडगेवार हे स्वतः कलकत्त्याच्या नॅशनल मेडिकल कॉलेजातून वैद्यक शिकून आलेले होते, आणि वयाच्या अवघ्या ५१ व्या वर्षी, १९४० साली, संघटनेला त्यांची सर्वाधिक गरज असताना ते गेले. कामाच्या ध्यासात प्रकृती किती झिजली होती, हे त्यांच्या चरित्राच्या वाचकांना ठाऊक आहे. त्या झिजण्यापुढे नतमस्तक व्हावे; पण त्यातून ‘आजार अंगावर काढावा’ असा धडा काढू नये. देह हे कार्याचे साधन असेल, तर साधनाची निगा हाही कार्याचाच भाग होय. संपर्काच्या घरात चहाऐवजी पाणी किंवा ताक मागण्यात संकोच कसला? बैठक साडेआठला संपवणे हीदेखील शिस्तच आहे. आणि माताभगिनींचे काय? सर्वांना वाढून शेवटी उरलेसुरले खाणारी, मिसरीने भूक मारणारी, पोटदुखी वर्षानुवर्षे पदराआड लपवणारी गृहिणी हे कौतुकाचे चित्र नव्हे. ते कुटुंबाचे अपयश आहे.

वाडीवर करायचे कामही अवघड नाही. पावसाळ्यापूर्वी विहिरीची स्वच्छता, आरोग्यसेवकाने सांगितलेल्या प्रमाणात विरंजक चूर्ण टाकले जाते की नाही याची खातरजमा, पाण्याच्या नमुन्याची तपासणी, प्रत्येक वस्तीत जलसंजीवनीची पाकिटे ठेवणारे एक घर, साबणाने हात धुण्याचा संस्कार आणि शाळेतील जंतनाशक गोळीच्या दिवशी एकही मूल सुटणार नाही याची दक्षता. वनवासी कल्याण आश्रमाच्या कामात गावातीलच माणसाला शिकवून आरोग्यरक्षक करण्याची कल्पना रुजलेली आहे. तिच्या धर्तीवर हिंजवडीतील सुशिक्षित तरुणांच्या गटाने तालुक्यातील एकेक वाडी दत्तक घेतली, महिन्यातून एक रविवार तेथे गेले, तर वाडीचे पाणी सुधारेल आणि त्या तरुणांचे पोटही. डोंगर चढून गेलेल्या, उन्हात राबलेल्या आणि वाडीवर नाचणीची भाकरी खाल्लेल्या माणसाला रात्री झोपेची वा पचनाची गोळी सहसा लागत नाही.

समरसतेची भाषा व्यासपीठावरून बोलणे सोपे आहे. तिची कसोटी पंगतीत लागते आणि पाणवठ्यावर लागते. एकाच तालुक्यातील एक पोट अतिभोगाने जळते आणि दुसरे दूषित पाण्याने पिळवटते, तोवर त्या समाजाची प्रकृती ठीक आहे, असे कोणताही वैद्य म्हणणार नाही. संयम पहिल्याने शिकायचा आहे, स्वच्छ पाणी दुसऱ्यापर्यंत पोहोचवायचे आहे. आणि हे दोन्ही एकाच माणसाने करायचे आहे. येत्या आषाढात ताम्हिणीचा धबधबा पाहायला निघणाऱ्या कुटुंबाने गाडीत खाऊच्या पिशवीसोबत जलसंजीवनीची पन्नास पाकिटे टाकली आणि वाटेवरच्या एका वाडीत तासभर थांबले, तरी आरंभाला तेवढे पुरेसे आहे.